सरकारी निरोध: माल चोख, हाताळणी कच्ची

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या निरोधबद्दल तरुण मुलांचं मत बहुतेक वेळा न वापरताच ठरलेलं असतं. ‘फुकटचा आहे, फाटणारच.’ म्हणून हा आढावा. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन व तपासणी केंद्र, इथे ठेवलेल्या डब्यातून मिळणारा निरोध एकीकडे आणि मेडिकलमध्ये पैसे मोजून मिळणारा कंडोम दुसरीकडे. वस्तू म्हणून दोन्ही कसे आहेत, कुठे दगा देतात, आणि देतात तेव्हा दोष रबराचा किती आणि हाताचा किती, ते पाहू. लिहिलं आहे ते अठरा वर्षांवरच्यांसाठी.

आधी माल. निरोध १९६८मध्ये आला. तीन नगांचं पाकीट पंधरा पैशांना होतं. हिंदुस्तान लिव्हर, आयटीसी, टाटा ऑइल मिल्स अशा कंपन्यांच्या विक्री यंत्रणेतून सरकारने तो किराणा दुकानांत आणि पानटपऱ्यांवर पोचवला. तिरुवनंतपुरमची हिंदुस्तान लॅटेक्स ही सरकारी कंपनी १९६६मध्ये स्थापन झाली. आजचं तिचं नाव एचएलएल लाइफकेअर. ती निरोध बनवते आणि ‘मूड्स’ या नावाने मेडिकलमध्येही कंडोम विकते. सरकारी पाकिटातलं रबर म्हणजे कुठलं तरी उरलंसुरलं, ही समजूत इथेच सोडून द्यावी.

कंडोम आपल्याकडे औषधांच्या कायद्याखाली येतो. कारखान्यात प्रत्येक नग धातूच्या साच्यावर चढवून विजेने तपासतात. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी वीज आरपार जाते आणि नग बाद होतो. मग प्रत्येक बॅचमधले नमुने काढून काहींत पाणी भरून गळती बघतात, काहींत हवा भरून ते फोडतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार मधल्या मापाच्या कंडोमने फुटण्याआधी किमान १८ लिटर हवा धरली पाहिजे. ऑफिसातल्या पाण्याच्या जारमध्ये मावतं त्याहून थोडंच कमी. मोफत पाकीट असो की दीडशे रुपयांचं, चाचणीचं तत्त्व तेच. ‘माझ्या मापाला हा पुरत नाही’ म्हणणाऱ्या मुलांना हा १८ लिटरचा आकडा जरूर सांगावा.

निरोधमध्ये खरोखर काय कमी आहे? माप एकच. वंगण बेताचं. जाडीला तो साधा कंडोम आहे, ‘अल्ट्रा थिन’ नव्हे, त्यामुळे स्पर्शातला फरक जाणवतो. पाकीट रूक्ष. आणि सगळ्यात मोठी उणीव मालात नाही, साठवणीत आहे. पत्र्याच्या छपराखाली, खिडकीतल्या उन्हात मे महिनाभर पडलेला डबा असेल तर त्यातला माल घेऊ नये. लॅटेक्सला उष्णता, ऊन आणि दमटपणा मानवत नाही. तीस अंशांच्या आत, कोरड्या जागी ठेवलेला कंडोम छापील मुदतीपर्यंत टिकतो. घेताना पाकिटावरची मुदत वाचा आणि अंगठ्याने पाकीट दाबून बघा. आतली हवा फुग्यासारखी सरकली पाहिजे. चपटं पडलेलं, चिकट लागणारं किंवा कडेला फाटलेलं पाकीट टाकून द्या.

मेडिकलमधल्या पाकिटांवर लिहिलेलं सगळंच जाहिरातीचं नसतं, पण बरंच असतं. दहा नगांच्या पाकिटाला साधारण शंभर ते अडीचशे रुपये पडतात. कंडोमवर जीएसटी नाही. ठिपक्यांचे, रेघांचे, वासाचे हे सगळे प्रकार संरक्षणाच्या बाबतीत सारखेच, आवडीचा प्रश्न आहे. पातळ कंडोम जास्त फाटतो असंही नाही. चाचणी त्यालाही द्यावी लागते. ‘लाँग लास्ट’, ‘एक्स्ट्रा टाइम’ असं लिहिलेल्यांत मात्र आतल्या बाजूला बेन्झोकेन नावाचं बधिर करणारं औषध असतं. असा कंडोम उलटा लागला किंवा ते औषध बाहेर पसरलं तर जोडीदाराला बधिरपणा येतो, आणि तिला कारण कळत नाही. काहींना त्याची ॲलर्जीही असते. वापरणार असाल तर तिला आधी सांगा. दोघांपैकी कोणाला लॅटेक्समुळे खाज, सूज, पुरळ येत असेल तर लॅटेक्स नसलेले कंडोम मिळतात. महाग असतात, पण ‘मला ॲलर्जी आहे’ हे कंडोमच न वापरण्याचं कारण त्यामुळे उरत नाही.

पैसे देण्याचं खरं कारण एकच, ते म्हणजे माप. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ‘नॉमिनल विड्थ’ मिलिमीटरमध्ये छापलेली असते. ४९, ५२ किंवा ५३, आणि ५६ ही साधारण मापं. ही सपाट ठेवलेल्या कंडोमची रुंदी. लांबीकडे फार लक्ष देऊ नका, फरक घेराने पडतो. ताठ असताना मध्यभागी दोरा गुंडाळून घेर मोजा. ११ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ४९ मिलिमीटर, १२च्या आसपास ५३, साडेबाराच्या पुढे ५६. सैल कंडोम आत निसटतो, घट्ट कंडोम फाटतो किंवा इतका आवळतो की ताठरता जाते. ‘कंडोम लावला की होतच नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं, आणि पुढच्या वेळी कंडोमच बाद केला जातो. तेव्हा मोफत निरोध बसतो का ते एकट्याने घरी बघावं. बसला तर पैसे घालवण्याची गरज नाही. नसला तर योग्य मापाचा विकत घ्यावा.

आता परिणामकारकतेचा मुद्दा. जगभर वापरले जाणारे आकडे मुख्यतः अमेरिकेतल्या पाहण्यांतून आलेले आहेत. प्रत्येक वेळी आणि अचूक वापरला तर कंडोमवर अवलंबून असलेल्या १०० स्त्रियांपैकी वर्षभरात सुमारे २ गरोदर राहतात. लोक प्रत्यक्षात वापरतात तसा वापरला तर सुमारे १३. रबर दोन्हीकडे तेच आहे. मधल्या ११ स्त्रिया गरोदर राहिल्या त्या उशिरा लावल्यामुळे, लवकर काढल्यामुळे, ‘आज राहू दे’ म्हटल्यामुळे. हे सगळं ज्याच्या हातात असतं तो पुरुष, आणि त्याचं पोट वाढत नाही.

चुका ठरलेल्याच असतात, म्हणून त्या सविस्तर सांगतो. पहिली चूक साठवणीची. पाकिटात, म्हणजे मागच्या खिशातल्या वॉलेटमध्ये, महिनोन्महिने ठेवलेला कंडोम बसण्याने घासला जातो आणि अंगाच्या उबेत राहतो. दुचाकीची डिकी आणि गाडीतला डॅशबोर्डचा कप्पा तर त्याहून वाईट. बाहेर जाताना दोन नग शर्टाच्या खिशात किंवा बॅगेतल्या डबीत घ्या, बाकीचे घरात कपाटात ठेवा. दोन यासाठी की एक चुकला तर दुसरा हाताशी हवा.

दुसरी, फोडण्याची. दात, कात्री, ब्लेड लावू नका. आतला कंडोम बोटाने एका कडेला सरकवा आणि दुसऱ्या कडेला खाच असते तिथून फाडा. वाढलेली नखं आणि बोटातली अंगठी यांनीही रबर चिरतं.

तिसरी चूक सर्वांत जास्त महागात पडते. अंधारात कंडोम उलट्या बाजूने टेकवला जातो, उलगडत नाही, मग तोच फिरवून सुलट लावतात. असं करू नका. टोकावर आलेल्या चिकट पाण्यात शुक्राणू असू शकतात, रोगजंतूही असू शकतात, आणि ते आता बाहेरच्या बाजूला गेलेले असतात. तो टाका, दुसरा घ्या. सुलट बाजू ओळखण्याची खूण अशी, की गुंडाळीची कड बाहेरच्या अंगाला दिसली पाहिजे, टोपीच्या काठासारखी, आणि बोट लावताच ती सहज खाली उलगडली पाहिजे. टोक चिमटीत धरून हवा काढा, चिमूट न सोडता दुसऱ्या हाताने पार मुळापर्यंत उलगडा. टोकात हवा राहिली तर वीर्य यायला जागा उरत नाही आणि फाटण्याची शक्यता वाढते. अर्ध्यावर सोडलेला कंडोम निसटतो.

चौथी, वेळेची. ‘शेवटी लावतो’ हे कंडोम न वापरण्याच्याच जातीचं आहे. पहिल्या स्पर्शाआधी लावायचा. सुरुवातीला विनाकंडोम राहून मग लावला तर गर्भधारणेचा धोका थोडा कमी होईल, गुप्तरोगाचा तेवढाही नाही.

पाचवी, तेलाची. कोरडं वाटलं की आपल्याकडे हात खोबरेल तेलाकडे जातो. खोबरेल, व्हॅसलिन, बेबी ऑइल, कोल्ड क्रीम, तूप यातलं काहीही लॅटेक्सला मिनिटांत कमकुवत करतं. कंडोम वरून धड दिसतो आणि ऐनवेळी फाटतो. ‘तरीही फाटला’ म्हणणाऱ्यांना पहिला प्रश्न तेलाचाच विचारावा. पाण्यात विरघळणारं किंवा सिलिकॉनचं जेल मेडिकलमध्ये मिळतं, तेच वापरा. योनीत ठेवायच्या बुरशीविरोधी काही औषधांतही तेलकट घटक असतात. तिचे उपचार चालू असतील तर त्या दिवसांत थांबणं बरं. आणि दोन कंडोम एकावर एक घालू नका, ते एकमेकांवर घासून फाटतात.

शेवटची, काढण्याची. वीर्य आल्यावर तसंच पडून राहिलं की ताठरता जाते आणि कंडोम आत राहतो. लगेच मुळाशी कड धरून बाहेर या, तिच्या अंगापासून दूर होऊन काढा, गाठ मारा, कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाका. संडासात टाकलात तर पाइप तुंबतो आणि सोसायटीतला प्लंबर तोच बाहेर काढतो. दुसऱ्या वेळी नवा कंडोम.

एक गोष्ट चुकांच्या यादीत बसत नाही, कारण ती चूक नसून फसवणूक आहे. मध्येच तिला न सांगता कंडोम काढणं. तिने होकार दिला तो कंडोमसह दिला होता. कंडोम गेला की होकारही गेला.

सवयींमागचा विचार आकड्यांत दिसतो. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (पाचवी फेरी) ३५ टक्के पुरुषांनी ‘गर्भनिरोधन ही बाईची बाब आहे, पुरुषाने त्यात पडायची गरज नाही’ या विधानाला हो म्हटलं. त्याच पाहणीत विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदीचं प्रमाण सुमारे ३८ टक्के, पुरुष नसबंदीचं ०.३ टक्के आणि कंडोमचं ९.५ टक्के होतं. शिकलेला, नोकरी करणारा, लग्नाआधी मैत्रीण असलेला मुलगा हे वाक्य अशा उघड शब्दांत बोलत नाही. तो म्हणतो, ‘मजा जाते’, ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का’, ‘तू गोळी घे ना, तुलाच सोपं पडेल’. तिन्ही वाक्यांनी काम तिच्याकडे सरकतं. ‘मजा जाते’ला उत्तर योग्य माप आणि जेलचे दोन थेंब (टोकाच्या आत एखादाच, जास्त घातलं तर निसटतो). ‘विश्वास’ हा प्रश्नच गैरलागू, कारण क्लॅमिडिया किंवा गनोरियासारखे आजार काहीही लक्षण नसताना अंगात असू शकतात आणि ते असणाऱ्याला स्वतःलाही माहीत नसतात. आणि गोळीचं म्हणाल तर रोजची गोळी चांगलं साधन आहे, पण ती डॉक्टरांना विचारून तिने ठरवायची. तुम्ही सुचवताय ते बहुतेकदा वेगळंच असतं. ती असते तातडीची गोळी, जिला सगळे आय-पिल म्हणतात.

या तातडीच्या गोळीचा वापर कंडोमऐवजी सर्रास होतो, म्हणून तिच्याबद्दल नीट. लिव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम, एकच गोळी, संबंधानंतर ७२ तासांच्या आत. पहिल्या बारा तासांत घेतली तर उत्तम, उशीर होईल तसा परिणाम घटतो. ती बीज बाहेर पडणं लांबवते. आधीच राहिलेला गर्भ ती पाडत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. तिने गोळी घेतली म्हणून महिनाभर मोकळीक मिळत नाही, दुसऱ्याच दिवशीच्या संबंधानेही गर्भ राहू शकतो. पाळी पुढेमागे होते, मळमळ, थकवा येतो, आणि हे सगळं तिला होतं. कंडोम फाटला किंवा निसटला तर मुलाचं काम ठरलेलं आहे. लगेच तिला सांगायचं, स्वतः मेडिकलला जायचं, पैसे आपण द्यायचे. सरकारी दवाखान्यातही ही गोळी असते. गोळी नको असेल तर पाच दिवसांच्या आत तांबी, म्हणजे गर्भाशयात ठेवायची कॉपर टी, बसवून घेता येते, आणि ती गोळीपेक्षा जास्त खात्रीची.

पाळी आठवडाभर लांबली तर सकाळच्या लघवीवर तपासणी किट. सरकारी ‘निश्चय’ किट आशाताईकडे मोफत मिळतं, मेडिकलमध्येही किट स्वस्तच आहेत. गर्भ राहिला असेल तर निर्णय तिचा. १८ वर्षांवरील स्त्रीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. २०२१च्या कायदादुरुस्तीनंतर अविवाहित स्त्रीलाही हा मार्ग खुला आहे. मुलाने सोबत जावं, खर्च उचलावा आणि ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या तिच्या हातात ठेवून मोकळं होऊ नये. गर्भ किती आठवड्यांचा आहे आणि तो गर्भाशयातच आहे ना, हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय त्या गोळ्या घेणं जिवावर बेतू शकतं.

गुप्तरोगांपासून निरोध चांगलं संरक्षण देतो, पूर्ण नाही. एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडियासाठी तो भक्कम आहे. हर्पीस, सिफिलिसचे फोड, एचपीव्ही या विषाणूचे मस्से कंडोमने न झाकलेल्या कातडीवर असले तर तिथून लागण होऊ शकते. एचपीव्हीची लस मुलांनाही देता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ लशीला २०२२मध्ये ९ ते २६ वयाच्या मुलामुलींसाठी परवानगी मिळाली. १५ वर्षांनंतर तीन डोस लागतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू पुरुषाकडून जातो, त्यामुळे ही लस ‘बायकांची’ म्हणून सोडून देऊ नये.

लघवीला जळजळ, लिंगातून पू, फोड, जांघेत गाठ यातलं काही दिसलं तर सरकारी रुग्णालयातलं ‘सुरक्षा क्लिनिक’ गाठा. तिथे लक्षणांनुसार औषधांचं रंगीत किट देतात. पुरुषाच्या पूसाठी राखाडी, किट क्रमांक एक. औषध मोफत आणि चांगलं. ही सेवा फसते ती एकाच ठिकाणी. मुलगा गोळ्या घेतो, बरा होतो आणि जोडीदाराला सांगत नाही. तिला लक्षणं नसतात, आजार आत वाढत राहतो, गर्भनलिका खराब होऊ शकतात, आणि तिच्याकडून तो पुन्हा त्याच्याकडेच येतो. क्लिनिकमध्ये जोडीदारासाठीही औषध मिळतं, ते मागून घ्या. दोघांचे उपचार संपून आठवडा होईपर्यंत संबंध टाळा. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत मोफत होते, निकाल गुप्त ठेवणं २०१७च्या कायद्याने बंधनकारक आहे. धोक्याचा संबंध आला असेल तर लगेचची तपासणी पुरत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करायची. धोका मोठा वाटत असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. त्या २८ दिवस घ्याव्या लागतात.

मिळण्याच्या सोयीबद्दल बोलायचं तर इथे सेवेला गुण कमी द्यावे लागतील. आशाताई घरपोच तीन नग एका रुपयात देते, पण ती योजना विवाहितांसाठी सोयीची. ज्या गावात आशाताई आईची मैत्रीण आहे तिथे अविवाहित मुलगा तिच्याकडे जाणार नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्याला शतक उलटलं, तरी मेडिकलवाला आजही कंडोम वर्तमानपत्रात गुंडाळून देतो आणि गिऱ्हाईक आजूबाजूला बघून घेतं. दुकानात ‘काहीतरी द्या’ म्हणू नका. ब्रँड, माप, नग असं तीन शब्दांत मागा, सौदा अर्ध्या मिनिटात संपतो. आणि ती आणायला गेली तर तिला शेरे ऐकावे लागतात, तुम्हाला नाही. त्यामुळे आणण्याचं काम तुमचंच.

लग्न झालं, मुलं झाली, आता पुरे असं दोघांनी ठरवलं, तरी निरोधचं काम संपत नाही. बिनटाक्याच्या पुरुष नसबंदीला जागेवर भूल देऊन दहा-वीस मिनिटं लागतात, दोन दिवसांनी हलकं काम सुरू करता येतं, सायकल आणि ओझं आठवड्यानंतर. पण नळीत आधीचे शुक्राणू राहिलेले असतात. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्यतपासणी, आणि अहवालात शुक्राणू शून्य आल्यावरच थांबायचं. नसबंदी ‘फेल’ गेल्याच्या बऱ्याच तक्रारी या तीन महिन्यांतल्या असतात, आणि तेव्हा संशय बायकोवर घेतला जातो. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना निरोधची पाकिटं मागून घ्या.

डबा रिकामा असेल तर परत फिरू नका. औषध खिडकीवर किंवा समुपदेशकाकडे निरोध मागा. पुढच्या साठ्याची मागणी खपावरून ठरते, त्यामुळे कोणी मागितलंच नाही तर पुढच्या वेळीही डबा रिकामाच मिळेल. प्रत्यक्ष जायला अवघड वाटत असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक फुकट लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जवळचं आयसीटीसी आणि सुरक्षा क्लिनिक कुठे आहे ते विचारून घ्या.